‘पाच मिनिटांत मराठी’ बिलिंग: मेसेजमध्ये काय सांगितलेलं नाही

ठाण्यातल्या आणि वाशी मार्केटमधल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘रिसोर्स हॅकर फुकट मिळतं. कुठलीही ईएक्सई त्यात उघडा, इंग्रजी खोडून मराठी टाइप करा, सेव्ह करा. पाच मिनिटांत बिलिंग मराठीत, सॉफ्टवेअर चालतं पहिल्यासारखंच.’ रिसोर्स हॅकर म्हणजे ईएक्सईमधला, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलमधला, मजकूर आणि आयकॉन बदलायचं हत्यार. हत्यार चांगलंच आहे. मेसेज अर्धवट आहे.

‘कुठलीही ईएक्सई’ हे सरळ चूक. रिसोर्स हॅकरमध्ये दिसतो तो फाइलमधला रिसोर्स विभाग: मेनू, डायलॉग (बटणांच्या खिडक्या), स्ट्रिंग टेबल (प्रोग्रामच्या मेसेजची यादी), आयकॉन. व्हीबी-6 (व्हिज्युअल बेसिक 6) मध्ये केलेल्या जुन्या सॉफ्टवेअरचे फॉर्म तिथे डायलॉग म्हणून सापडतच नाहीत. फाइल यूपीएक्सने (ईएक्सई लहान करणाऱ्या प्रोग्रामने) आवळलेली असेल, तर आधी ती सोडवून घ्यावी लागते.

‘फक्त टाइप करा.’ खरी मेख इथे आहे. समजा स्ट्रिंग टेबलमध्ये ‘%डी बॅग्ज सेंट टू %एस’ अशा अर्थाची ओळ आहे. %डी (%d) ही आकड्याची जागा, %एस (%s) ही नावाची. आपण सहज लिहिणार, ‘%एस यांना %डी गोणी पाठवल्या’. पण प्रोग्राम आधी आकडा देतो, मग नाव. आता %एसच्या वाट्याला 40 हा आकडा येतो, तो त्याला मेमरीतला पत्ता समजतो, तिथे वाचायला जातो आणि प्रोग्राम कोसळतो. तेही उघडताना नाही; नेमका तो मेसेज यायच्या वेळी, म्हणजे गिऱ्हाईक समोर असताना. क्रम न बदलता लिहा: ‘%डी गोणी पाठवल्या: %एस’.

दुसरी गोची अक्षरांची. देवनागरीसाठी विंडोजची जुनी, एका बाइटची कोडपेज (अक्षरांना आकडे देणारा तक्ता) कधी नव्हतीच. त्यामुळे युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच पद्धत) नसलेल्या प्रोग्राममध्ये मेनू मराठीत नीट दिसतो, पण स्ट्रिंग टेबलमधून आलेल्या मेसेजच्या जागी नुसती ‘????’.

बटणांचंही तसंच. डायलॉगच्या मजकुरात प्रत्येक बटणापुढे चार आकडे असतात: डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी, उंची. नेहमीचं बटण 50 बाय 14. त्यात ‘रद्द करा’ मावतं, ‘छपाईपूर्व पाहणी’ कापलं जातं. रुंदी वाढवा, शेजारचं बटण तितकंच सरकवा. बटणाच्या आयडी क्रमांकाला मात्र हात लावू नका, कोड त्याच आकड्याने बटण ओळखतो.

‘पहिल्यासारखंच चालतं’? एक बाइट बदलला तरी कंपनीची डिजिटल सही मोडते. ॲडमिनची परवानगी मागणाऱ्या खिडकीत कंपनीच्या नावाऐवजी ‘अज्ञात प्रकाशक’ येतं, आणि अँटिव्हायरसने फाइल उचलली तर नवल नाही. इन्स्टॉलरच्या फाइलला तर हात लावूच नये: त्यातला खरा माल बहुधा फाइलच्या शेपटीला जोडलेला असतो, रिसोर्स बदलताना तो गळू शकतो.

काम मूळ फाइलच्या प्रतीवर करा आणि बदललेले रिसोर्स वेगळ्या आरईएस (.res, फक्त रिसोर्स साठवणाऱ्या) फाइलमध्ये ठेवा. पुढच्या अपडेटला नवी ईएक्सई आली की मराठी पुसलं जाणारच.