टोपणनाव म्हणजे तोतयेगिरी नव्हे

खोट्या नावांवरच्या एका लेखात टोपणनाव, ऊर्फ, तोतया आणि बहुरूपी हे सगळे 'खोटं नाव' म्हणून एकत्र बांधलेत, तिथे घोळ झालाय. 'ऊर्फ' काहीच लपवत नाही, उलट दोन्ही नावं शेजारी मांडून ओळख पक्की करतो. म्हणून तो दस्तऐवजात चालतो.

टोपणनावामागचा माणूस वाचकांना बहुधा ठाऊकच असतो. राम गणेश गडकऱ्यांनी कविता 'गोविंदाग्रज' नावाने लिहिल्या, विनोद 'बाळकराम' नावाने आणि नाटकं स्वतःच्या नावावर. यात लपवालपवी कसली, ही तर खात्यांची वाटणी!

तोतया मात्र वेगळा. त्याला खरोखर असलेला दुसरा माणूस लागतो, आणि शक्यतो बेपत्ता. 1761 च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहू शकला तो त्यामुळेच. मनाने रचलेलं नाव घेऊन फिरणाऱ्याला तोतया म्हणू नये, 'बनावट नाव धारण केलेला' म्हणावं. विराटाघरी कंक झालेला युधिष्ठिर, बल्लव झालेला भीम हेही तोतये नव्हेत, त्यांचा तो अज्ञातवास.

आणि बहुरूप्याला या यादीत घेतलंच कशाला? सोंग आहे हे बघणाऱ्याला माहीत असतं, बिदागी त्याचीच मिळते.