पणजीच्या बागेचं नाव नुसतंच नाव नाही

पणजीतल्या गार्सिया द ऑर्ता बागेच्या नूतनीकरणावरचा तुमचा लेख आवडला. पण चर्च चौकातल्या या बागेवर एवढं लिहून, ज्याच्या नावाने ती ओळखली जाते त्या सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज वैद्याची, ऑर्ताची, बोळवण एका ओळीत केलीत, हे खटकलं. बाग 1855 ची. मधल्या खांबावर पूर्वी वास्को द गामा होता, मुक्तीनंतर तिथे अशोकाचे सिंह आले, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ऑर्ता मात्र कुणालाच आठवत नाही. या वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात आंबा, फणस, हिंग, सुपारी सगळं नोंदवलंय. पटकीला (कॉलऱ्याला) इथले लोक काय म्हणतात तेही लिहून ठेवलंय: ‘मोर्शी’. म्हणजे आपली मोडशीच की! (आमची आजी अजीर्ण झालं की हाच शब्द वापरायची.) मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. आणि मेल्यावर बारा वर्षांनी, 1580 मध्ये, यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली.

पुढच्या वेळी बागेला हात लागेल तेव्हा शोभेच्या कुंड्या थोड्या कमी करा आणि त्याच्या ग्रंथातली चार झाडं लावा. शेजारी मराठी-कोकणीत पाट्या. बँडस्टँडजवळ जागा आहे, परवाच बघून आलो.