तिठ्याचं ऑडिट, घरच्या घरी

गावच्या तिठ्यावर सिग्नल नाही म्हणून कुरकुर करू नका. तिठा धोक्याचा आहे, हे आधी सिद्ध करा. रीत सोपी आहे: थांबायचं.

राष्ट्रीय महामार्गावरचा 'ब्लॅक स्पॉट' कसा ठरतो, ठाऊक आहे? सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात 3 वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमांचे 5 अपघात व्हावे लागतात, नाहीतर 10 माणसं जावी लागतात. तुमच्याकडे चारच झालेत? मग घाई कसली? पाचवा कोणाच्या घरचा, एवढंच ठरायचं राहिलंय. आणि तिठा आमच्यासारखा गोव्यात डिचोलीकडच्या आतल्या रस्त्यावर असेल, तर ही मोजपट्टीसुद्धा तुमची नव्हे.

काही उतावळ्या लोकांना मात्र मढी मोजणं पटत नाही. 1960च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी अपघातांऐवजी थोडक्यात हुकलेल्या धडका मोजायचं खूळ काढलं. पुढे त्याला सेकंदांचा हिशेब जोडला गेला: एक गाडी ज्या जागेवरून सुटली, त्याच जागी दुसरी किती वेळात पोचली? अंतर एक-दीड सेकंदाच्या आत आलं, की प्रकरण गंभीर. म्हणजे कोणी मरायच्या आधीच तिठ्याची लायकी कळते. अशाने ब्लॅक स्पॉट व्हायचे कसे?

तरी हौस म्हणून एका संध्याकाळी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मी रस-ऑम्लेटच्या गाड्यावर बसलो. तीन वाटा मिळतात तिथे गाड्यांचे मार्ग 9 ठिकाणी एकमेकांशी गाठ घेतात, असं शास्त्र सांगतं. आमच्याकडे दहावं ठिकाण म्हणजे गाड्यापुढे आडव्या लावलेल्या स्कूटर. माझी त्यांतच होती.

काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर आली. चालवणारा रस्त्याकडे नव्हे, मांडीवरच्या नकाशाकडे बघत होता. तो मधोमध थबकला, पुन्हा निघाला आणि मागचं चाक सुटतंय तोच शिट्टी फुंकत खाजगी बस तिथे हजर. मी बटण दाबेपर्यंत 1.1 सेकंद. त्यातला अर्धा माझ्या अंगठ्याचा. रस्सा पातळ होता, पण घशाखाली उतरेना. गाडेकाराने मान वर न करता विचारलं, ''कांय जावंक ना मरे?'' काहीच झालं नव्हतं. म्हणजे नोंद नाही.

खुणा नसलेल्या तिठ्यावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं, असा नियम आहे. तो पाळायच्या भानगडीत पडू नका. मागचा हॉर्न वाजवून तुमचं कूळ काढील. आपला खरा नियम बसच्या पुढच्या काचेवर वाचता येतो: देवाचा फोटो मोठा, त्याला वाट. तिठ्यावर पाय टेकून थांबणारा मी एकच पाहिला, पहाटेचा पोदेर, सायकलवरचा पाववाला. भोंपू वाजवतो, दोन्हीकडे बघतो, मग पेडल मारतो. त्याला पाव पोचवायचे असतात, बाकीच्यांना फक्त पुढे जायचं असतं.

तुम्ही हुकलेल्या धडका लिहून काढल्याच, तर त्या कचेरीत मात्र नेऊ नका. मी नेल्या होत्या. एका संध्याकाळचे 14 प्रसंग, वेळेसकट. साहेबांनी कागद उलटसुलट करून विचारलं, ''मेले किती?''

म्हटलं, अजून कोणी नाही.

त्यांनी कागद परत दिला. ''मागीर, जाल्यार येयात.'' म्हणजे, झालं की मग या.