बियाण्याची पिशवी तपासता, मग डब्बा काहून नाही?

चार दिवस झाले, डोकं शांत होत नाही माझं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. माय पासष्टची, दहा वर्षांपासून शुगर. मागच्या महिन्यात नात्यातले एक जवाई आले. पाहुणचार झाला, आणि निघताना पिशवीतून घरोघरी विकतात तसल्या सप्लिमेंटचा (पूरक आहाराचा) डब्बा काढला. ३,२०० रुपये. "मामी, सांधे, शुगर, बीपी, सगळ्यावर चालते हे. अन् त्या इंग्रजी गोळ्या बंद करा, किडनी खराब करतात." मायनं कापसाच्या चुकाऱ्यातले पैसे काढून दिले. मला एका शब्दानं सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी अंगणात चक्कर येऊन पडली. ग्रामीण रुग्णालयात शुगर ३८० निघाली.

घरी आल्यावर मी तो डब्बा घेऊन बसलो. अक्षरं मुंगीएवढी, मोबाइलचा कॅमेरा लावून मोठी करावी लागली. मराठीचा एक शब्द नाही. कायद्यानं लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की भागतं, मराठी सक्तीची नाही. म्हणजे जिच्या पोटात ते जाणार, तिनं वाचायचंच नाही! आणि त्या बारीक अक्षरांत काय लिहिलं होतं? 'औषधी वापरासाठी नाही.' हे लिहावंच लागतं त्यांना. डब्ब्यावर हे, आणि आमच्या ओसरीत बसून तोंडानं शुगर बरी करायच्या गोष्टी!

पुढे वाचलं. तेवीस वनस्पतींची नावं आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन, ८०० मिलिग्रॅम. कोणती किती, ते कुठंच नाही. बी-१२ होतं १ मायक्रोग्रॅम. आता हे ऐका. डॉक्टर म्हणाले, मेटफॉर्मिन, म्हणजे मायची शुगरची गोळी, वर्षानुवर्षं घेतली की शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं, पायाला मुंग्या येतात त्या त्यानंही असतील. रक्त तपासलं, कमीच निघालं. त्यांनी १,५०० मायक्रोग्रॅमची गोळी लिहून दिली. जे खरंच कमी होतं ते त्या ३,२०० च्या डब्ब्यात नावापुरतं, आणि जी गोळी चालू ठेवायची तीच बंद करायला लावली.

जवायाला फोन केला तर म्हणतो, "भाऊ, सरकारमान्य आहे, एफएसएसएआयचा नंबर पाहा." पाहिला. चौदा आकडी नंबर, सरकारच्या साइटवर टाकला, खरा निघाला. मग? त्या नंबराचा अर्थ एवढाच की खाद्यपदार्थ बनवायचा, विकायचा परवाना आहे. असा नंबर फरसाणाच्या पुड्यावरही असतो. फरसाणानं शुगर उतरते का?

आम्ही शेतकरी माणसं, बाप्पा! सोयाबीन पेरायच्या आधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो, सत्तर उगवले तरच पिशवीवर विश्वास. लॉट नंबर पाहतो, टॅग जपून ठेवतो, कृषी केंद्रातून पक्कं बिल घेतल्याशिवाय निघत नाही, कारण उद्या उगवलं नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? मातीत टाकायच्या दाण्याची एवढी चौकशी. आणि मायच्या पोटात जाणाऱ्या डब्ब्याचं बिल मागितलं तर म्हणे नात्यात बिल कशाचं! याच लाजेवर धंदा चालतो हो यांचा. अनोळखी माणसाला मायनं दारातून परत पाठवलं असतं.

घरोघरी असा माल विकणाऱ्यांसाठी २०२१ चे नियम आहेत. ओळखपत्र पाहिजे, आधी विचारल्याशिवाय दारात यायचं नाही. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. खाद्यपदार्थाची खोटी जाहिरात केली तर १० लाखांपर्यंत दंड आहे. पण चहा पिता पिता जे बोललं जातं, त्याचा कागद कुठं असतो? म्हणून तर हे लोक लिहून देत नाहीत, बोलतात.

आणि हा आमच्या एकट्याच्या घरचा विषय नाही. शेजारच्या पोरीला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तिच्या घरी याच कंपनीचा रक्त वाढवायचा डब्बा. त्यात लोह. वारंवार रक्त चढवलेल्या सिकलसेलच्या पेशंटच्या अंगात लोह आधीच साचलेलं असू शकतं, म्हणून डॉक्टर तपासल्याशिवाय लोहाची गोळी देत नाहीत. तो डब्बा विकणाऱ्यानं एकदा तरी विचारलं का, पोरीला काय आजार आहे? मी जाऊन सांगितलं, तो डब्बा दवाखान्यात दाखवल्याशिवाय देऊ नका. पोरीची आई माझ्याकडंच रागानं पाहत होती. दोन हजार गेले होते तिचे.

माय अजूनही म्हणते, "जाऊ दे बापू, जवाई माणूस, त्याले कसं बोलाव?"

मी बोललो. दुसरा डब्बा पाठवतो असा त्याचा मेसेज आला, तेव्हा लिहिलं, पाठवा, पण पक्कं बिल पाठवा, आणि त्यावर लिहा की यानं शुगर उतरते, खाली सही करा. १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार करायला मला तो कागद लागेल, हेही लिहिलं. मेसेज वाचलाय त्यानं. उत्तर नाही.