पैसा बजेटमध्ये येईपर्यंत मागे लागायलाच हवं
सार्वजनिक जमिनी वाचवायला निधी द्या म्हणून व्हॉलंटियर अमेरिकेत राज्याच्या आमदारांना जाऊन भेटतात हे वाचून खरंच बरं वाटलं. बऱ्याच जणांना वाटतं हे काम वॉशिंग्टनचं, २०२० च्या कायद्याने लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंडला (जमिनी, बागा, मोकळ्या जागा राखायचा केंद्र सरकारचा निधी) दरवर्षी ९० कोटी डॉलर कायमचे मिळाले ना, मग झालं की. पण त्यातून राज्यांना जी ग्रँट मिळते तिच्यात साधारण निम्मा खर्च राज्याने नाहीतर स्थानिक संस्थेने घालायचा असतो, तो वाटा बजेटमध्ये नसेल तर केंद्राचा पैसा मिळणार कसा?

आणि फ्लोरिडाचं बघा, २०१४ मध्ये जवळपास ७५ टक्के लोकांनी जमीन आणि पाण्यासाठी पैसा राखून ठेवायला मत दिलं, तरी पुढे विधिमंडळाने त्यातला बराचसा खात्यांच्या रोजच्या खर्चाकडे वळवला आणि लोकांना कोर्टात जावं लागलं. म्हणून भेटायला जाताना नुसतं निसर्ग वाचवा म्हणू नका, आमदाराच्या मतदारसंघाचा नकाशा टेबलावर ठेवा, कुठला तुकडा विकायला निघालाय, कुठली पायवाट बंद पडलीय ते बोटाने दाखवा. आमदार नाही भेटले तर त्यांच्या स्टाफला भेटा, फाईल तेच वाचतात. आणि बजेट पास झाल्यावरही जात राहा प्लीज, तेव्हाच सगळे घरी बसतात.