‘देव काळाच्या बाहेर आहे’ असं बायबल म्हणतं का?

एक मेसेज सारखा फिरतोय. देव काळाच्या बाहेर आहे असं बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय, ख्रिस्ती लोक पहिल्यापासून हेच मानत आलेत, त्याला उद्याचं आधीच दिसतं, मग प्रार्थना करून काय बदलणार. मी विश्वासणारा आहे आणि हे वाचून मला वाईट वाटतं, कारण यातलं निम्मं अर्धवट आहे आणि शेवटचं तर सरळ चुकीचं.

स्पष्ट लिहिलंय म्हणून जे वचन देतात ते पेत्राच्या दुसऱ्या पत्रातलं, 3:8, प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा. अहो ‘सारखा’ लिहिलंय! आणि मूळ कल्पना स्तोत्र 90 मधली, तिथे हजार वर्षं कालच्या दिवसासारखी आणि लगेच पुढे रात्रीच्या प्रहरासारखी पण म्हटलीयेत, म्हणजे हे गणित नाहीच. पेत्र कोणाला उत्तर देतोय तेही बघा, प्रभू यायला उशीर का म्हणून थट्टा करणाऱ्यांना, आणि पुढच्याच ओळीत म्हणतो की तो धीर धरतोय. काळच नसेल तर धीर कसला धरायचा?

मग म्हणतात ‘सनातन’ शब्द आहे ना. जुन्या करारात त्यासाठी हिब्रू शब्द बहुतेक वेळा ‘ओलाम’, म्हणजे ज्याचं टोक दिसत नाही इतका लांबचा काळ. निर्गम 21:6 मध्ये धन्याला सोडून जायचं नाही म्हणणाऱ्या दासाचा कान टोचतात आणि तो ‘ओलाम’पर्यंत चाकरी करतो, तिथेही हाच शब्द. तो दास काही काळाच्या बाहेर गेला नाही. देवाला आरंभ नाही, अंत नाही हे शास्त्र नक्की सांगतं, पण काळाच्या बाहेर ही त्याच्या पुढची पायरी झाली आणि ती नंतरच्या विचारवंतांनी चढली.

ती पायरी फालतू आहे असं मी अजिबात म्हणत नाही. जुन्या काळचा ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिन, त्याने सन 400 च्या आसपास मांडलं की काळ हीच देवाची निर्मिती, म्हणून निर्मितीच्या ‘आधी’ देव काय करत होता हा प्रश्नच बसत नाही. मला हे आजही जबरदस्त वाटतं. पण सगळे ख्रिस्ती हेच मानतात हे खरं नाही. निकोलस वोल्टरस्टॉर्फ या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने 1975 मध्ये उलट बाजू मांडली, की बायबलमधला देव काम करतो, उत्तर देतो, तो काळातून चालणारा आहे. दुसरे तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेग म्हणतात देव निर्मितीविना काळातीत, म्हणजे काळाच्या बाहेर, आणि निर्मितीपासून काळात. हे सगळे ख्रिस्तीच आहेत, आणि 381 च्या नायसीन मतांगीकारात, म्हणजे चर्चच्या जुन्या विश्वासाच्या कबुलीत, पुत्र म्हणजे येशू सर्व युगांपूर्वी पित्यापासून जन्मला एवढंच आहे, काळाबाहेरचं कलम नाही. उलट त्यात पंतय पिलाताचं नाव आहे, ज्याच्या काळात येशूला क्रुसावर दिलं त्या रोमन सुभेदाराचं! योहान म्हणतो शब्द, म्हणजे पुत्र, देही झाला. ‘झाला’ म्हटलं की आधी आणि नंतर आलंच. काळातीतवाले सांगतात की बदल येशूच्या मानवी स्वभावात, दैवी स्वभावात नाही, आणि 451 च्या खाल्किदोनच्या चर्चसभेने दोन्ही स्वभाव एकमेकांत न मिसळता मानलेत हे खरं, तरी माझं मन त्याने पूर्ण भरत नाही.

आता प्रार्थना. घरात कोणी आजारी असलेल्या माणसाला हा मेसेज गेला तर तो काय समजेल याचा विचार तरी करा. ज्यांनी देवाला काळातीत म्हटलं त्यांनीच हा निष्कर्ष नाकारलाय. बोएथियस या रोमन विचारवंताने सुमारे 524 मध्ये मृत्यूची वाट बघत कैदेत लिहिलं की देवाचं बघणं हे आपण समोरचं बघतो तसं, तुम्ही चालताय हे मला दिसतं म्हणून मी तुम्हाला चालवत नाही. मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस म्हणतो आपण देवाची योजना बदलायला प्रार्थना करत नाही, काही गोष्टी प्रार्थनेतूनच मिळाव्यात असं त्या योजनेतच आहे. आणि येशूने गेथशेमाने बागेत काय केलं? हा प्याला टळो म्हणून पित्याकडे मागितलं, पुन्हा जाऊन मागितलं, मत्तय लिहितो की तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली.