सेन्सर, बिबडे आणि मे महिना

खान्देशात सोलरवरचा चोर-अलार्म बसवायचा म्हटलं की दुकानदार सांगतो, "ऊन तर आपल्याकडे फुकट!" बरोबर आहे. पण जळगाव-भुसावळचं ऊन पॅनेलला पोसतं आणि सेन्सरला आंधळं करतं.

सामान किरकोळच: 10 वॉटचं पॅनेल, चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणारा), 12 व्होल्ट 7 एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी, एचसी-एसआर 501 हा पीआयआर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा सेन्सर, रिले (विजेवर चालणारा खटका), हूटर आणि बॅटरीच्या प्लसला लागूनच फ्यूज. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. सेन्सरमधून निघतात जेमतेम 3.3 व्होल्ट, तेवढ्यावर 12 व्होल्टचा रिले ढिम्म हलत नाही, मध्ये छोट्या विजेने मोठी वीज चालू करणारा ट्रान्झिस्टर लागतो. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारा) विसरलात, तर ट्रान्झिस्टर जळतो.

सेन्सरला माणूस कळतच नाही. त्याला कळतो तो अंगाच्या आणि मागच्या भिंतीच्या उष्णतेतला फरक, तोही हलणारा. मे महिन्यात दिवसभर तापलेली भिंत रात्रीही अंगाइतकी गरम, मग फरक कसला? सात मीटरचा पल्ला आखडतो. माझ्या मते इथल्या चोराने थंडीत घरी बसावं आणि उन्हाळ्यात निवांत यावं. उलट तापल्या पत्र्यावरून झळ आली, की हूटर बोंबलतो. म्हणून सेन्सरचं तोंड पत्र्याकडे किंवा कूलरकडे नको. सात-आठ फूट उंचीवर, येणारा माणूस समोरून आडवा जाईल असा लावावा. मांजरासाठी लेन्सच्या खालच्या भागावर काळी टेप.

सेन्सरवर फिरवायचे दोन स्क्रू असतात: एक पल्ल्याचा, एक वेळेचा. वेळ साधारण 3 सेकंदांपासून 5 मिनिटांपर्यंत. हौशी माणूस हमखास पाचावर ठेवतो. मग गच्चीवर झोपलेले आजोबा पाणी प्यायला खाली उतरतात, हूटर पाच मिनिटं थांबत नाही आणि शेजारच्या गच्च्यांवरून "कोन शे रे?" सुरू होतं. आजोबांचं उत्तर छापण्याजोगं नसतं.

पॅनेल दक्षिणेकडे, 21 अंश कलतं ठेवावं, असं शास्त्र सांगतं. पण उन्हाळ्यात गच्चीवर सत्ता बिबड्यांची, म्हणजे वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांची. त्यांच्यावर धरलेल्या साडीचा पदर पॅनेलच्या कोपऱ्यावर आला, तरी सगळी वीज ढासळते, कारण आतले सेल एकापुढे एक जोडलेले. हे समजावून बघा. "मग ते तिकडं सरकवा" एवढंच ऐकायला मिळेल. सरळ जिन्याच्या टपावर चार बोल्टांनी आवळावं. तिथवर बिबडे पोचत नाहीत. पोचल्याच तर कुरडया.